वायरमनचे पाय

हॉस्पिटलच्या तळघरात व्यायामाचा विभाग होता आणि तिथे गेली एकवीस वर्षं एकाच बाईचं राज्य होतं. ती फिजिओथेरपिस्ट. पण हा शब्द पुष्कळांच्या जिभेवर वळत नसे, म्हणून पेशंट तिला हेडबाई म्हणत. गुडघा वाकवताना कोणी कण्हलं की ती म्हणायची, "ओरडा खुशाल. ओरडायला मनाई नाही, थांबायला आहे." घरी व्यायाम न करता केले म्हणून सांगणारा तिला सांध्याला हात लावताच कळायचा आणि मग चारचौघांत त्याची बिनपाण्याने व्हायची. लोक तिच्या तोंडाला भ्यायचे, तरी तिच्याकडेच यायचे. ती उगाच गोड बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. हेडबाई 'जमेल' म्हणाली की माणूस निम्मा तिथेच बरा व्हायचा.

अशा बाईने एका माणसाला साडेसहा महिने अंधारात ठेवलं. तोंडाने ती एकदाही खोटं बोलली नाही. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला तेवढंच सांगत राहिली.

तो माणूस वीज कंपनीत वायरमन होता. वय चौतीस, अंगाने काटक, मांजरासारखा खांबावर चढायचा. एका सकाळी तो ज्या खांबावर चढला तो बुडाशी गंजून पोकळ झालेला होता. खांब मोडला आणि त्याच्यासकट खाली आला. वीज त्याला शिवलीही नाही, जमिनीने मात्र पाठ मोडली. डॉक्टरांनी सळया-स्क्रू घालून मणके सांधले, पण मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू चेचून गेला होता. कमरेखाली त्याला ना हलवता येत होतं, ना चिमटा काढलेला कळत होता.

सहा आठवड्यांनी सर्जनने पुन्हा सगळं तपासलं आणि त्याच्या आईला खोलीत बोलावून सांगितलं, की आता हा चालणार नाही. चाकांच्या खुर्चीवर बसून नीट आयुष्य काढेल, कामधंदाही करेल, पण पायांची आशा धरू नका. घरी पाठवताना कागदावरही त्यांनी तेच लिहिलं आणि तो कागद हेडबाईकडे आला. संध्याकाळी हॉस्पिटल सुटलं की ती दोन-तीन पेशंट घरी जाऊन करायची. वायरमनचं घर तिच्या वाटेवरच होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं.

पहिल्याच दिवशी त्याच्या आईने तिला जिन्यात गाठलं. ती एका लाँड्रीत तीस वर्षं इस्त्री करत आलेली, नवऱ्यामागे एकुलत्या पोराला वाढवलेली. बोटांच्या पेरांवर जुन्या चटक्यांचे डाग होते. ती हळू आवाजात, पण हुकूम सोडावा तशी बोलली. डॉक्टरांनी जे सांगितलंय ते फक्त तिला माहीत होतं. मुलाला सांगितलेलं नव्हतं. सुनेलाही नाही, कारण सुनेच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलगा एकदा म्हणाला होता, की लोळागोळा होऊन पडायची वेळ आली तर मी अन्नपाणी सोडेन. तो बोलतो ते करतो.

"मावशी, मी पेशंटला फसवत नाही," बाई म्हणाली.

"फसवू नका. फक्त बोलू नका. जरा अंगात ताकद येऊ दे. मग मीच सांगेन."

दुसरी कोणी असती तर बाईने तिला तिथल्या तिथे झटकलं असतं. पण सात वर्षांपूर्वी एका चित्रकलेच्या शिक्षकाला तिने असाच कागद आल्यावर, लपवाछपवी न करता, सगळं सांगून टाकलं होतं. त्याने भिंतीकडे तोंड केलं ते पुन्हा वळवलंच नाही. तीन महिन्यांत गेला. त्याच्या बायकोने तिला काही बोल लावला नव्हता, आणि तेच जास्त लागलं होतं. जिन्यात उभ्या असलेल्या त्या म्हातारीकडे बघताना बाईला ती बायको आठवली आणि ती म्हणून गेली, "पंधरा दिवस. त्याच्यापुढे नाही."

वायरमन वाटच बघत होता. बाई आत येताच त्याने विचारलं, "ताई, किती दिवसांत उभा करता?"

"आधी बसायला तर शिका," ती म्हणाली. तो मोठ्याने हसला. त्याला ती आवडली.

बाईने आपलं काम चोख सुरू केलं. पाय आखडू नयेत म्हणून रोज सांधे फिरवायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. बसलेलं असताना दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हात टेकून अंग वर उचलायचं, म्हणजे बुडाखालच्या कातडीला रक्त मिळतं. जिथे कळत नाही तिथे माणसाला दुखतही नाही, आणि दुखत नाही म्हणून जखम कळत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ आरसा धरून पाठीमागची कातडी बघायची, लाल डाग दिसला की त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही. पाणी भरपूर. लघवीची नळी स्वच्छ. तिने हे सगळं त्याच्या बायकोकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि पलंगासमोर चिकटवायला लावलं.

खरं तर या लिहिलेल्यातच त्याचं पुढचं सगळं आयुष्य होतं. पण ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी हे सगळे चाळे होते, तात्पुरते, पाय येईपर्यंतचे. दंड आणि छाती कमावायला तो कधी कंटाळला नाही. डंबेल उचलायचा, दोरीला लोंबकळायचा, घामाने निथळायचा. अंग उचलायचं मात्र विसरायचा. आरसा बघायला लाजायचा. चाकांची खुर्ची आणायचा विषय बाईने काढला तेव्हा तो म्हणाला, "ती ज्यांना कायम बसायचंय त्यांना. माझ्यासाठी कशाला?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाईने तिच्याकडे बघितलं. आईने मान वळवली.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. बाई विचारायची, सांगितलंत का? आई म्हणायची, आज त्याला ताप आहे. आज त्याचे सोबती येऊन गेले, खुशीत आहे. आज सून रडली. सांगायला बरा दिवस उगवतच नव्हता.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी बाई जिना चढत असतानाच वरून गलका ऐकू आला. सून धावत खाली आली, तिने बाईचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच वर नेलं. शेजारची चार माणसं खोलीत जमली होती. वायरमन उशांना टेकून बसला होता, चेहरा उजळलेला. त्याने उजव्या पायावरची चादर बाजूला केली आणि बायकोला म्हणाला, "दाखव."

तिने त्याच्या तळव्यावर बोट फिरवलं. पाय ताडकन गुडघ्यात वाकला, दोन-तीनदा थरथरला आणि पुन्हा पडला.

"हलला!" सून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाईने असे पाय शेकड्याने बघितले होते. मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, तेव्हा तुटलेल्या जागेखालच्या नसा आपापल्याच झटके देतात. कोंबडीची मान कापल्यावर ती धावते, तसं. त्यात माणसाची इच्छा नसते आणि पुढे काही होणारही नसतं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाईने तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आई तर हात जोडायचीच बाकी होती.

"बघू," बाई म्हणाली.

हेडबाईच्या तोंडून 'बघू' आलं, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा सगळ्यांनी अर्थ घेतला. कारण ती उगाच गोड बोलत नाही.

सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. अपघातापासून ती रजेवर होती आणि मालक तिच्यासाठी थांबायला तयार होता. पाय हलल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने जाऊन नोकरी सोडली. आता सगळा वेळ यांनाच द्यायचा, असं तिने बाईला सांगितलं. आधी नोकरी, की आधी नवरा, हा प्रश्न तिच्यापुरता त्या झटक्याने सोडवला होता. बाई त्याचा घोटा फिरवत होती. ती फिरवत राहिली.

मग वायरमनच्या सोबत्यांनी लोखंडी पाइप आणले आणि पुढच्या खोलीत, भिंतीलगत, कमरेएवढ्या उंचीचे दोन समांतर कठडे पक्के करून दिले. पायांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या करवून आणल्या. त्या बांधून, दोन्ही कठडे धरून, तो पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी सून टाळ्या वाजवत होती आणि आई भिंतीला धरून उभी होती. असं उभं राहणं हाडांना चांगलं, फुप्फुसांना चांगलं, हे बाईला ठाऊक होतं. तिने स्वतःची समजूत घातली की यात गैर काही नाही. गैर एवढंच होतं, की उभा राहणारा माणूस चालायला निघाला होता.

तो वेड लागल्यासारखा मागे लागला. बाई अर्ध्या तासाचं सांगायची, तो चार-चार तास कठड्यात असायचा. दमला की मध्ये ठेवलेल्या लाकडी स्टुलावर बसायचा, पट्ट्या न सोडता, आणि श्वास खाली बसला की पुन्हा उठायचा. त्या स्टुलावर गादी नव्हती. गादी असली की उठायला जड जातं, असं तो म्हणायचा.

आणि बाई? ज्या बाईने एकवीस वर्षांत कधी पेशंटची कातडी स्वतः बघितल्याशिवाय सोडली नव्हती, ती आता दारातूनच विचारायची, "आरसा बघता ना?" सून म्हणायची, हो. बाई पुढे जायची. तिला त्या घरात थांबणं नकोसं झालं होतं. त्याने काल किती पावलं ढकलली ते तो उत्साहाने सांगायला लागला की ती घड्याळाकडे बघायची. अर्धा तास उरकायची आणि जिना उतरताना मोकळा श्वास घ्यायची.

सुनेला बुडाच्या डाव्या बाजूला लाल डाग दिसला होता, नाण्याएवढा. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बाईंना बोलू नकोस, त्या आठवडाभर कठडे बंद करतील, आणि मला आता एक दिवससुद्धा घालवायचा नाही. तिने थोडं मलम लावलं. त्याला दुखत नव्हतंच.

एका सोमवारी बाई आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. खोलीत वास होता. तो वास ज्याला माहीत आहे त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. वायरमन पलंगावर पडला होता, थंडी वाजून कुडकुडत होता. घरच्यांना वाटलं होतं हवा बदलली. बाईने त्याला कुशीवर वळवलं आणि कपडे बाजूला केले. वरून काळी कातडी होती, रुपयाहून थोडी मोठी. तिने बोटाने हलकेच दाबलं तशी ती आत गेली. खाली सगळं पोखरलेलं होतं, थेट हाडापर्यंत.

त्याच तासाला त्याला हॉस्पिटलात हलवलं. सडलेलं सगळं कापून काढलं तेव्हा जखमेत अख्खी मूठ मावत होती. विष खुब्यापर्यंत गेलं होतं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये डाव्या खुब्याचं हाडच काढून टाकावं लागलं. तो वाचला, पण डॉक्टर म्हणाले की हा माणूस आता पट्ट्या बांधूनसुद्धा उभा राहणार नाही. जखम भरेपर्यंत, निदान तीन महिने, पालथं झोपायचं.

बाई रोज वर वॉर्डात जाऊन दारातून बघून परत यायची. पाचव्या दिवशी ती आत गेली. तो पोटावर झोपला होता, तोंड पलंगाच्या कडेला, नजर फरशीवर. उभ्या माणसाचे त्याला फक्त बूट दिसत. बाई खाली बसली, थेट फरशीवर, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसेल.

"ताई," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता. "हे भरलं की परत कधी सुरू करायचं?"

तिने सांगितलं. पायांचं, पहिल्या कागदाचं, उजव्या पायाच्या झटक्याचं, सगळं. एकही शब्द मऊ केला नाही. त्याने मध्ये तोडलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आईला?"

"हो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. कामाची गोष्ट समजावून सांगावी तसा तो बोलला.

"ताई, आम्ही वर चढतो ना, तेव्हा खाली एक माणूस उभा असतो. आम्ही विचारतो, लाइन बंद आहे का? तो म्हणतो, बंद आहे. मग आम्ही तारेला हात घालतो. आम्हाला वरून काही दिसत नसतं. सगळा भरवसा त्या खालच्या माणसावर." त्याने ओठ ओले केले. "मी रोज तुम्हाला विचारत होतो."

तुम्ही अन्नपाणी सोडाल अशी भीती होती, असं बाई म्हणाली असती, पण त्या वाक्याला त्याच्यापुढे काही अर्थ उरला नव्हता. तिने मागे बघितलं तर सून पाण्याची बाटली घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मी नोकरी सोडून आले त्या दिवशी तुम्ही यांचा पाय हातात धरून बसला होतात," सून म्हणाली. एवढंच. तिने बाटली स्टुलावर ठेवली आणि नवऱ्याच्या डोक्याशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी वायरमनने सर्जनला निरोप दिला, की व्यायामाला दुसरं कोणीतरी पाठवा. विभागातल्या ज्युनियर मुलीला ते काम गेलं. बाईने तिला बजावलं, की रोज स्वतःच्या डोळ्यांनी कातडी बघ, कोणी हो म्हटलं म्हणून सोडू नकोस. मुलगी म्हणाली, तुम्हीच तर शिकवलंय, बाई. वॉर्डातून ती खाली येऊन जे सांगायची तेवढंच मग बाईला कळायचं. जखम भरायला तीन नव्हे, सात महिने लागले. मध्ये दोनदा ती पुन्हा उकलली. त्याने अन्नपाणी सोडलं नाही. जेवायचा, सांगितलेलं सगळं काटेकोर करायचा आणि कोणाशी फारसं बोलायचा नाही. घरी गेल्यावर त्याने ते दोन्ही कठडे काढून टाकायला लावले.

त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली असतील. एका दुपारी तळघरातल्या विभागात बाईने पुढचा नंबर पुकारला आणि पडदा सारून त्याची आई आत आली. ती फार वाळली होती. उजवा हात अंगाशी धरलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, खांदा गोठला आहे. बाईला तो खांदा कशाने गोठला ते विचारायची गरज नव्हती. दोन वर्षं एका मोठ्या पुरुषाला दिवसरात्र कुशीवर वळवणारीचा खांदा होता तो.

बाईने पलंगाकडे हात केला. "बसा, मावशी."

बाईने तिचा हात वर उचलून बघितला. खांद्याच्या बराच खाली तो अडकला. म्हातारीने दात आवळले, पण ओरडली नाही. मग मोजूनमापून, थांबत थांबत ती बोलायला लागली. सून पुन्हा कामावर जाते, पण जुन्या दुकानात जागा मिळाली नाही, आता लांब जावं लागतं. मुलाला कंपनीने तक्रारींच्या फोनवर बसवलंय. दिवसाला चार तास खुर्चीत, बाकी पडून. लोक म्हणे त्याच्यावर चिडतात. बाकीचे सांगतात, येईल वीज थोड्या वेळात. हा सरळ सांगतो, आज येणार नाही, वाट बघू नका.

"तुमच्याशी बोलतो?" बाईने विचारलं.

"बोलतो की. भांडत नाही, तोडून टाकत नाही. पण मला अहो म्हणतो. अहो, पाणी द्या. अहो, तुम्ही जेवून घ्या. पोटचा पोर, बाई. परक्या बाईशी बोलावं तसा बोलतो. सुनेला अगं म्हणतो आणि मला अहो."

पडद्यापलीकडे कोणाचं तरी सायकलचं यंत्र घरघरत होतं. बाईने तिचा हात कोपरात धरला आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला फिरवला. म्हातारीच्या कपाळावर घाम आला.

"हा हात पूर्वीसारखा व्हायचा नाही," बाई म्हणाली. "वर्षभर रोज केलंत तर डोक्यापर्यंत जाईल. पुढे नाही. दुखेल, रोज दुखेल."

"चालेल," म्हातारी म्हणाली. मग दुसरीकडे बघत तिने विचारलं, "तो मला परत तू म्हणेल का हो?"

"मला माहीत नाही, मावशी."

म्हातारीने मान हलवली. बाईने तिला आधार देऊन उठवलं, भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं टेकवून एकेका बोटाने भिंत चढत हात वर न्यायला सांगितलं. म्हातारीची चटके लागलेली बोटं भिंतीवरून सरकत छातीपर्यंत गेली आणि थांबली. अजून, बाई म्हणाली. बोटं आणखी थोडी सरकली.